रस्त्यापलीकडची शांतता

माझा दादा इमारती गप्प करायचा. इमारतीतल्या माणसांना गप्प करणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही, ते सोडा. बाहेरचा आवाज आत येऊ नये असं इमारतीचं तोंड बांधून देणं, हा त्याचा धंदा. कामावरचे लोक त्याला चिडीचूप म्हणायचे. हे नाव ठेवणारा मोठा खट्याळ असला पाहिजे, कारण दादासारखा बोलका माणूस आमच्या सात पिढ्यांत झाला नाही. जेवताना बोलायचा, दाढी करताना बोलायचा, आणि झोपला की घोरायचा. जगाला शांतता विकणाऱ्या या माणसाच्या घोरण्यावर कुठलाही इलाज निघाला नाही.

लग्न त्याने केलं नाही. "माझी बडबड ऐकायला तू आहेस की," म्हणायचा. दोन गल्ल्या सोडून त्याची खोली होती आणि सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला असायचा. आमचं हे घरही त्यानेच शोधून दिलेलं. माझे यजमान बंदरावर क्रेन चालवतात. कायम रात्रपाळी. रात्रभर उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसांच्या डोक्यावरून अवजड लोखंड न्यायचं, आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. दिवसा झोपणाऱ्या माणसाला शांत घर लागतं. दादाने महिनाभर पायपीट करून ही बैठ्या घरांची ओळ शोधली.

घर हमरस्त्याला लागूनच आहे, पण मध्ये एका जुन्या गोदामाची लांबलचक भिंत आहे, आमच्या छपरापेक्षा उंच. रस्त्यावरचे ट्रक, बस, सगळ्यांचा गोंगाट त्या भिंतीवर आपटायचा आणि आमच्या डोक्यावरून निघून जायचा. पहिल्या दिवशी दादाने मला अंगणात उभं केलं आणि विचारलं, "ऐकू येतंय काही?" मी म्हटलं, "तू बोलायचा थांबलास तर सांगते." तो थांबला. खरंच काही नव्हतं. नळाचं थेंब थेंब पाणी तेवढं ऐकू येत होतं.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर आमच्यासमोर, एक उंच इमारत होती. आमच्या अंगणातून भिंतीवर तिचे वरचे मजले दिसायचे. गंजलेले कठडे, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, मोडक्या खुर्च्या, सगळा पसारा बाल्कन्यांमध्ये. दिसायला गबाळी, पण आमचं तिच्याशी कधी वाकडं नव्हतं. तिथल्या लोकांना मात्र रस्त्याचा फार त्रास होता. त्यांनी वर्गणी काढली, आणि काम मिळालं दादाला.

तेवढं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. रोज येऊन मला काम समजावून सांगायचा. जिथून हवा शिरते तिथून आवाज शिरतो, म्हणून चौकटींच्या फटी रबराने बंद करायच्या. बाल्कनीचा उघडा कठडा काढून भरीव कठडा बांधायचा. खिडकीला दोन काचा, एक जाड आणि एक पातळ, मध्ये पोकळी. आणि या सगळ्याच्या बाहेर, प्रत्येक मजल्याला, गुळगुळीत पत्र्याच्या रुंद आडव्या पट्ट्या. त्या खाली तोंड करून तिरक्या बसवायच्या.

"तिरक्या का?" मी विचारलं.

"अगं, आवाज काही मारता येत नाही. वळवता येतो. सरळ ठेवल्या तर वरच्या मजल्यावर चढेल. म्हणून खाली पाठवायचा."

"खाली कोण आहे?"

"खाली कोण असणार? रस्ताच तर आहे."

हे तो माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचा चहा पीत म्हणाला. मीही मान डोलावली.

काम संपलं तेव्हा त्यांच्या पद्धतीप्रमाणे परीक्षा झाली. दादाच्या धंद्यात ती सगळे अशीच घेतात. माणसं खोलीत घ्यायची, खिडक्या लावायच्या, सगळ्यांनी खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं. ज्याला गाडी ऐकू येईल त्याने हात वर करायचा. दादा सांगत होता, रस्त्यावरून माल भरलेले ट्रक जात होते आणि एकाचाही हात वर झाला नाही. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीने टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणे रडली. परीक्षा आत झाली. रस्त्याच्या या बाजूला येऊन कुणी उभं राहिलं नाही, कारण बाहेर काय होतं हे कुणाच्या कामातच धरलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात माझे यजमान भरदुपारी उठून बसले.

"कसला आवाज येतोय?" ते म्हणाले.

मी कान दिला. घरंगळल्यासारखी एक घरघर येत होती. ती भिंतीकडून येत नव्हती. वरून येत होती, छपरातून, जणू ट्रक आमच्या कौलांवरून चालले होते. मला वाटलं, गोदामात नवं यंत्र आलं असेल. तिथल्या पहारेकऱ्याशी जाऊन भांडून आले. त्याने मला आत नेऊन रिकामं गोदाम दाखवलं. मग मला शेजारणीच्या पाण्याच्या पंपाचा संशय आला. तिच्याशीही भांडले. माझ्या तोंडाला तसा विसावा नसतोच, पण त्या दिवसांत मी गल्लीतल्या एकालाही सोडलं नाही.

आवाज काही थांबला नाही. यजमानांच्या डोळ्याला डोळा लागेना. कानात कापूस घातला, डोक्यावर उशी घेतली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर झोपून पाहिलं. पहिले काही दिवस चिडचिड झाली. मग चिडचिडही संपली, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. चहा कपात ओतायचा तो बशीत ओतू लागले. कुलपात किल्ली घालून तशीच धरून उभे राहायचे. एकदा मी जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत म्हणाले, "हे कुणाचं?"

दादाला बोलावलं. तो अवजारं घेऊन आला, आमच्या खिडक्यांना रबर लावलं, दाराखाली पट्टी ठोकली. घर भट्टीसारखं तापलं आणि आवाज होता तसाच राहिला. "छपरातून येतोय," तो म्हणाला, "पण कुठून येतोय कळत नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग एका सकाळी यजमान कामावरून आले ते चपला न काढताच खाटेवर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हुकाखाली माणूस होता," ते म्हणाले. "मला दिसलाच नाही. डोळे उघडे होते माझे. खालच्या दुसऱ्या माणसाने दिवा हलवला म्हणून थांबलो. लोखंड आणखी थोडं खाली गेलं असतं तर..."

"रजा घ्या."

"रजा संपल्या. आणि केबिनमध्ये झोप येते हे साहेबाला सांगितलं तर पुन्हा त्या केबिनमध्ये पाय ठेवू देणार नाही."

त्या दिवसापासून ते कामावर गेले की मी रात्रभर जागी असायचे. सकाळी फाटक वाजेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. मला ते मरतील याची भीती होतीच. पण त्यांच्या हातून कुणीतरी मरेल आणि ते जगतील, याची भीती त्याहून मोठी होती.

उलगडा अगदी सहज झाला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गळतीचं काम निघालं. डांबर खाली ठिबकून नव्या पट्ट्या खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी गच्चीवरून जाड गोणपाटं सोडली. वरचे सगळे मजले झाकले गेले. त्या दिवशी यजमान सकाळी आडवे झाले ते संध्याकाळी मी हलवून उठवलं तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी काम संपलं, गोणपाटं निघाली, पट्ट्या पुन्हा उन्हात चमकू लागल्या. आणि छपरावर ट्रक चालू लागले.

मी अंगणात उभी राहून त्या इमारतीकडे बघत राहिले. प्रत्येक पट्टी मान खाली घालून आमच्याकडेच बघत होती. रस्त्यावरचा आवाज भिंत ओलांडून वर जायचा, आणि त्या त्याला उचलून आमच्या छपरावर टाकत होत्या.

दादाला सांगितलं तर तो हसला.

"अगं, आवाज कमी करायला केलंय ते सगळं. वाढेल कसा?"

"त्यांचा कमी झाला तो गेला कुठे? विरघळला?"

"तू आता मला धंदा शिकवणार?"

"धंदा नाही शिकवत. माझ्या घरात झोपून बघ म्हणते."

"तुला सवय नाही आवाजाची, म्हणून..."

"दादा, माझा नवरा माणूस मारणार आहे," मी म्हटलं. "तुझ्या पट्ट्यांमुळे. हे डोक्यात शिरतंय का तुझ्या?"

तो रागाने निघून गेला. सुट्टीच्या दिवशी जेवायलाही आला नाही. मी त्याला जे बोलले त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. खरं होतं ते.

चार दिवसांनी भरदुपारी आला. यजमान नुकतेच उठून, झोप येत नाही म्हणून, अंगणात पाणी मारत होते. दादा कुणाशी काही न बोलता आत गेला आणि त्यांच्या खाटेवर उताणा झाला. मी दारात उभी होते. तो छपराकडे बघत पडून राहिला. माझ्या जन्मात मी त्याला इतका वेळ गप्प पाहिलेलं नव्हतं. मग उठून बसला. चेहरा उतरलेला.

"माझंच आहे," तो म्हणाला.

यजमान बिचारे त्यालाच समजवायला लागले. "दादा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? होतं असं."

"होतं कसं, दाजी? मीच घर शोधून दिलं तुम्हाला. खाली कोण आहे म्हणून हिने विचारलं होतं मला."

तिथून तो थेट सेक्रेटरीकडे गेला. पट्ट्या सैल करून तोंडं वर फिरवायची, वरच्या मजल्यांच्या आणि त्याही आमच्या समोरच्या भागातल्या, एवढंच त्याचं मागणं होतं. सेक्रेटरीने त्याला दिवाणखान्यात बसवलं, चहा दिला, खिडकी लावली. म्हणाला, "ऐका. येतंय काही ऐकू?" दादा म्हणाला, "नाही." सेक्रेटरी म्हणाला, "मग?" दादाने पुन्हा पुन्हा समोरच्या घराचं सांगितलं. तर तो म्हणाला, "तुमचं काम इतकं सुंदर झालंय, त्याला आता हात कशाला लावता? पुढच्या बैठकीत विषय घेऊ." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पुढची बैठक दोन महिन्यांनी होती.

दादा हे सांगायला आला तेव्हा यजमान कामावर निघत होते. डबा घ्यायला विसरून फाटकापर्यंत गेले, परत आले, आणि डबा तसाच ठेवून पुन्हा निघाले. मी धावत जाऊन हातात दिला. दादा हे सगळं बघत होता.

"उद्या मी वर जातो," तो म्हणाला.

"परवानगी?"

"माझ्या पट्ट्या आहेत. मी बसवल्या, मीच फिरवणार. त्यांना पत्ता लागणार नाही. आतून काही ऐकू येत नाही की त्यांना."

सकाळी यजमान आले, चहा घेऊन आडवे झाले. मी अंगणात गेले तर भिंतीवरून दादा दिसला. गच्चीवरून सोडलेल्या दोराला लटकून, हातात पाना. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला जोडीदार वर गच्चीवर दोराशी होता. दादाने मला पाहून हात हलवला. मी हलवला नाही. मागच्या भांडणाचा राग होता म्हणून नव्हे; दोर सोडून हात हलवणाऱ्याचा मला राग आला.

एकेक पट्टी तो फिरवत खाली येत होता. आणि मी सांगते, फरक कानाला कळत होता. जडशीळ घरघर पातळ होत गेली. मग नुसती गुणगुण उरली. मी आत येऊन पाहिलं. यजमान कुशीवर वळले होते, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबता. गाढ. मी त्यांचा हात उचलून वर ठेवला तरी कळलं नाही त्यांना. मला रडू आलं. दादाला संध्याकाळी जेवायला बोलवायचं मी ठरवलं. दार लोटून स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरायला घेतली. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. भिंतीपलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

दार धाडकन उघडलं आणि दादाचा जोडीदार आत घुसला. हातांची सालं निघालेली. ओरडला, "ताई!"

"हळू," मी म्हटलं. "झोपलेत ते."

माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. त्याने ओठ मिटले. मग माझ्याजवळ येऊन, त्या झोपलेल्या माणसाकडे बघत, दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

पट्ट्या खालून वर फिरवत जायच्या असतात. खालून सुरुवात केली की फिरवलेली पट्टी पायाखाली राहते आणि दोर वर मोकळा. दादाने वरून सुरुवात केली. जोडीदाराने टोकलं होतं. दादा म्हणाला, "दाजींच्या खोलीत जातो तो आवाज वरच्या पट्ट्यांचा आहे. त्या आधी फिरवल्या तर माणूस लवकर झोपेल. नाहीतर त्याचा सबंध दिवस जाईल." फिरवलेल्या पट्ट्यांची धार वर आली, आणि दोर त्या धारेवर घासत राहिला. दुसरा दोर नव्हता. दुसरा दोर सोसायटीच्या कोठीतून मागावा लागला असता, आणि मागितला असता तर सेक्रेटरीला कळलं असतं.

दोराचे पीळ सुटताना जोडीदाराला वरून दिसले. त्याने हाका मारल्या. रस्त्याच्या गोंगाटात त्या दादापर्यंत पोचल्या नाहीत. दोर वर ओढावा तर धारेवर आणखी कापला जाणार. मग जोडीदाराच्या हातांची सालं काढत दोराला झटका बसला तसं दादाला स्वतःलाच कळलं. समोर खिडकी होती. आत एक बाई खिडकीकडे पाठ करून टीव्ही बघत बसली होती. दादाने काचेवर हात आपटले. पाना आपटला. ओरडला असेल. जोडीदार जिना उतरत धावला, त्या घराची बेल वाजवली, बाईला बाजूला सारून खिडकीपाशी गेला.

"खिडकीबाहेर नुसतं दोराचं तुटकं टोक होतं, ताई," तो म्हणाला. "ती बाई मला विचारत होती, काय झालं म्हणून. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं."

काम चोख होतं दादाचं. त्याचा मला आजही इतका राग येतो की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. एक फट, एक सैल रबर, त्याने कुठेतरी एक आळस करायला हवा होता.

मी यजमानांना उठवलं नाही. खाटेपाशी गेले, हात पुढे केला, आणि परत घेतला. उठवलं असतं तर ते माझ्याबरोबर धावत आले असते, दिवसभर उभे राहिले असते, आणि दादा ज्यासाठी वर चढला ती झोपही गेली असती. मी बाहेरून कडी लावली आणि जोडीदाराबरोबर रस्ता ओलांडला. तिथे काय पाहिलं ते सांगणार नाही. वरच्या खिडक्या सगळ्या बंद होत्या.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ते नुकतेच जागे होत होते. चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग होता. डोळे चोळत उठून बसले, अंगाला आळोखेपिळोखे दिले, आणि मी तोंड उघडायच्या आत हसून म्हणाले, "दादांना निरोप पाठव. म्हणावं, आज झोप लागली."